डोळे एकाचे, शब्द दुसऱ्याचे

फ्लोरिडाच्या दक्षिण टोकापासून की वेस्टपर्यंत 'कीज' नावाची बेटांची माळ पसरली आहे. बेटांभोवती मैलोगणती समुद्र आहे, पण कित्येक ठिकाणी त्याची खोली गुडघाभर, फार तर कमरेइतकी. तळाशी पांढरी वाळू आणि समुद्री गवत, अधूनमधून खारफुटीची बेटे. या पाण्यात लहानशा होडीतून, फ्लाय वापरून बोनफिश, टारपन आणि परमिट हे मासे धरायचे आणि बहुधा सोडून द्यायचे, असा छंद विसाव्या शतकाच्या मध्यावर तेथे आकाराला आला. या छंदाने मासे किती दिले ते माहीत नाही. गद्य मात्र भरघोस दिले. त्यात वर्तमानपत्री स्तंभ आहेत, आठवणी आहेत, विक्रमांचे इतिहास आहेत, एक माहितीपट आहे आणि टॉमस मॅग्वेनची एक खरोखर चांगली कादंबरीही आहे.

हे सगळे ओळीने वाचत गेले की एक गोष्ट खटकू लागते. होडीत माणसे दोन असतात. पुस्तकात बहुधा एकच उरतो.

दुसरा कोण आणि तो करतो काय, हे कळायला दिवसाचा क्रम समजून घ्यावा लागेल. त्यासाठी आधी आपल्या भाषेतली एक अडचण दूर करू. कोकणात गरी टाकून मासे धरण्याला 'गरवणे' असा नेमका शब्द आहे. गरवणाऱ्याने आमिष लावून गरी पाण्यात सोडायची आणि वाट पाहायची. मासा आमिषाकडे येतो. कीजमध्ये उलटा प्रकार. तिथे मासा आधी डोळ्यांनी शोधायचा, तो कुठल्या दिशेला चालला आहे ते ताडायचे आणि त्याच्या वाटेवर, त्याला न बिचकवता, फ्लाय उतरवायची. फ्लाय म्हणजे शब्दशः माशी, पण समुद्रात माशीला कोण विचारतो? गळावर केस, पिसे आणि चमकीचे धागे बांधून कोळंबी, खेकडा किंवा बारीक मासळी यांचा भास निर्माण केलेला असतो. नाव तेवढे गोड्या पाण्यातल्या ट्राउट-शिकारीतून चालत आले. साध्या गळाला शिशाचे वजन दूर नेते. फ्लायला वजनच नसते, म्हणून जाड दोरीचे वजन कामी आणतात आणि ती दोरी हवेत मागेपुढे झुलवून सोडावी लागते. चाळीस ते साठ फुटांवरच्या माशासमोर, वाऱ्यात, डुलत्या होडीतून हे जमायला वर्षे लागतात.

ही कला होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, उभ्या असलेल्या माणसाची. तो ग्राहक. मागच्या टोकाला वाटाड्या असतो. मोटर बंद करून, अठरा-वीस फूट लांबीची काठी तळाशी रोवून तो होडी रेटत असतो, आवाज न करता, सूर्य पाठीशी राहील आणि भरती-ओहोटीचा ओढ साधेल अशा बेताने. १९७०च्या दशकात बिस्केन उपसागरातला वाटाड्या बिल कर्टिस याने मोटरीच्या वर एक उंच मचाण बसवले आणि पुढे ते सर्वत्र रूढ झाले. डोळे जितके उंच, तितके पाण्यात खोलवर दिसते. म्हणजे होडीची रचनाच अशी की पाहणारा मागे आणि उंच, फेकणारा पुढे आणि खाली. मागून आवाज येतो: "अकरा वाजता, पन्नास फूट, डावीकडे चाललाय." नाळेची दिशा म्हणजे बारा वाजले, त्यावरून बाकीचे तास मोजायचे. ग्राहकाला पुष्कळदा तिथे चकाकत्या पाण्याखेरीज काहीच दिसलेले नसते. तो आवाजावर विश्वास ठेवून दोरी सोडतो.

आणि संध्याकाळी वहीत लिहितो की, मला मासा दिसला.

हा आरोप कठोर वाटेल, पण या लेखनप्रकाराची साधारण वाक्यरचना तपासली तर तो टाळता येत नाही. दिसण्याची क्रियापदे प्रथमपुरुषी, सांगण्याची क्रियापदे तृतीयपुरुषी. वाटाड्या येतो तो बहुतेक विनोदासाठी किंवा शहाणपणाचे एखादे वाक्य टाकण्यासाठी. उन्हाने रापलेला, कमी बोलणारा, किंचित चक्रम. जुन्या शिकारकथांत हाकाऱ्याला जेवढी जागा मिळे, त्याहून थोडी अधिक त्याला मिळते, इतकेच.

इतिहासाची मांडणीही याच वळणाने गेली. फ्लायने बोनफिश धरणे ही ठरवून साधण्याची गोष्ट आहे, हे जगाला पटले ते जो ब्रुक्समुळे, असे सहसा सांगतात. १९४७ साली इस्लामोराडा येथे त्याने ते करून दाखवले आणि १९५०मध्ये 'सॉल्ट वॉटर फ्लाय फिशिंग' हे पुस्तक लिहिले. त्या दिवशी काठी धरली होती जिमी ऑलब्राइटने. त्याचे नाव आज एका गाठीमुळे टिकून आहे. दोन वेगवेगळ्या जाडीच्या दोऱ्या जोडायची 'ऑलब्राइट गाठ' जगभर बांधली जाते. एकाचे पुस्तक राहिले, दुसऱ्याची गाठ राहिली. ब्रुक्सच्याही आधी, १९३९ साली, बिल स्मिथ या वाटाड्याने फ्लायवर बोनफिश धरल्याचे कीजमध्ये सांगितले जाते. पण त्याने पुस्तक लिहिले नाही. याच स्मिथची बायको बॉनी, ऑलब्राइटची बायको फ्रँकी आणि त्यांची बहीण ब्यूला कॅस, या तिघी बहिणी १९४०च्या दशकात स्वतः काठी धरून ग्राहकांना नेत असत. तीन बायका, तीन होड्या, पुरुषी समजल्या गेलेल्या धंद्यात! यावर खरे तर एक सबंध पुस्तक व्हायला हवे होते. सामान्य वाचकापर्यंत त्या पोहोचतात त्या दोन कर्तबगार नवऱ्यांच्या निमित्ताने, तळटीपेइतक्या.

विक्रमांच्या नोंदीत तर प्रश्नच येत नाही. १९८२ साली होमोसासाच्या पाण्यात बिली पेटने फ्लायवर १८८ पौंडांचा टारपन धरला. २००१ साली जिम हॉलंड (ज्युनिअर) याने २०२ पौंड ८ औंसांचा धरून दोनशेची वेस ओलांडली. विक्रम धरणाऱ्याच्या नावावर लागतो, पाहणाऱ्याच्या नाही. माँटी बर्कने २०२० साली होमोसासाच्या त्या वेडावर 'लॉर्ड्स ऑफ द फ्लाय' हे पुस्तक लिहिले. माहितीच्या दृष्टीने ते भरीव आहे आणि स्टीव्ह हफसारख्या वाटाड्यांना त्यात बरी जागा आहे. पण शीर्षकातले सरदार कोण, याविषयी वाचकाच्या मनात शंका राहत नाही.

मराठी वाचकाला छोटी होडी आणि मोठा मासा म्हटले की हेमिंग्वेचा सांतियागो आठवणार. पु. ल. देशपांडे यांनी 'एका कोळियाने' म्हणून ती कथा मराठीत आणली आणि तेव्हापासून समुद्रावरच्या एकाकी झुंजीचा आपला नमुना तोच झाला. सांतियागोचा गळ फ्लायचा नाही, त्याची दोरी हातात धरायची, आणि तो धरतो ते पोटासाठी. तरी तुलना उपयोगाची आहे. सांतियागोच्या होडीत डोळा आणि हात एकाच माणसाचे आहेत. पक्ष्याच्या घिरट्या वाचणारा तोच, दोरीने तळहात कापून घेणारा तोच. मनोलिन बरोबर हवा होता असे त्याला वारंवार वाटते. होडीतली दुसरी जागा रिकामी आहे याची त्याला जाणीव आहे. कीजच्या छंदाने या एका माणसाचे दोन केले. दृष्टी मजुरीने घेतली आणि हात स्वतःचा ठेवला. मग झुंजीचे तत्त्वज्ञान मात्र अखंड सांतियागोचे उसने घेतले. या साहित्यातला बराचसा पोकळ भारदस्तपणा येथून येतो, असे माझे मत आहे.

याच सुमाराला की वेस्टमध्ये राहिलेल्या एलिझाबेथ बिशपची 'द फिश' ही १९४०ची कविता येथे आठवते. भाड्याच्या होडीतून धरलेला मोठा, म्हातारा मासा ती होडीच्या कडेशी धरून पाहते. त्याच्या ओठात पूर्वी तोडून नेलेले पाच जुने गळ रुतलेले आहेत. शेवटी ती त्याला सोडते. ही कविता वाटाड्याच्या प्रश्नाला स्पर्शही करत नाही, आणि तिने करावा अशी अपेक्षा नाही. पण पाहणे आणि धरणे यांचा क्रम तिथे उलटा आहे. कीजमधले पाहणे धरण्यासाठी असते आणि मासा हाती लागल्यावर संपते. बिशपचे पाहणे हाती लागल्यावर सुरू होते, आणि ते दुसऱ्या कोणाच्या डोळ्यांनी केलेले नाही.

सोडण्याचा विषय निघालाच आहे. सोडायचाच होता तर धरला कशाला, हा प्रश्न आपल्या किनाऱ्यावरचा कोणीही माणूस विचारील, आणि त्याची टिंगल करण्याचे कारण नाही. माशाला वेदना होतात की नाही हा वाद जुना आहे. २००३ साली लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ट्राउटच्या ओठांत मधमाशीचे विष आणि ॲसिटिक आम्ल टोचून केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले, तेव्हापासून 'माशाला काही कळत नाही' हे बेफिकीर उत्तर पूर्वीसारखे देता येत नाही. छंदाचे साहित्य या प्रश्नाला उत्तर देते ते नैतिक उन्नतीच्या भाषेत: तरुणपणी मारत होतो, आता सोडतो. लेखकामागून लेखक या पायरीवरून चढताना दिसतात.

मागच्या टोकावरून पाहिले तर सोडण्याचा अर्थ वेगळा दिसतो. मेलेला टारपन एकदाच ग्राहक आणतो. जिवंत टारपन उद्याही आणतो, पुढच्या वर्षीही आणतो. फ्लोरिडा राज्याने २०१३मध्ये टारपन आणि बोनफिश जवळजवळ पूर्णपणे 'धरा आणि सोडा' या नियमाखाली आणले. टारपन ठेवता येतो तो फक्त विक्रमाच्या नोंदीसाठी, परवान्याने. या नियमामागे माशांविषयी कळकळ होती तसा हिशेबही होता, आणि हिशेब असण्यात काही वाईट नाही. नाळेवरच्या माणसाचा जो त्याग, तीच पिछाडीवरच्या माणसाची उद्याची मजुरी. लेखक त्यागाविषयी लिहितात, मजुरीविषयी नाही.

आपल्याकडे मासेमारीच्या होडीत वाट्याची पद्धत असते. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, तांडेलाचा, खलाशांचा. जे मिळाले ते वाटले जाते. कीजच्या होडीत वाटायला मासाच नसतो. वाटाड्याला दिवसाचे ठरलेले पैसे आणि वर बक्षिशी मिळते, की त्याचा हिशेब संपला. मागे उरते ती गोष्ट. गोष्टीचे वाटे पडत नाहीत. ती सबंध ग्राहकाच्या घरी जाते.

या पार्श्वभूमीवर मॅग्वेनची १९७३ची कादंबरी 'नाइंटी-टू इन द शेड' वाचली पाहिजे. मॅग्वेन त्या काळी की वेस्टमध्ये राहत होता, उथळ पाणी त्याला पायाखालच्या वाटेसारखे माहीत होते. त्याचा आधीचा निबंध 'द लाँगेस्ट सायलेन्स' हा परमिटविषयी आहे. परमिट म्हणजे खेकड्यांवर जगणारा, अतिशय संशयी मासा. तो फ्लाय घेत नाही हेच त्याचे वैशिष्ट्य म्हणावे. मॅग्वेनने माशाऐवजी दोन माशांमधल्या निःशब्द वेळाला विषय केले, आणि या सबंध प्रकारात त्या निबंधाच्या तोडीचे फार थोडे आहे. पण निबंधात आवाज अजून फेकणाऱ्याचाच होता. कादंबरीत मॅग्वेन होडीच्या मागच्या टोकाला गेला.

कथानक थोडक्यात असे. टॉमस स्केल्टन हा शिक्षण अर्धवट सोडून परतलेला तरुण, विमानाच्या टाकाऊ सांगाड्यात राहतो आणि वाटाड्या व्हायचे ठरवतो. निकल डान्स हा धंद्यातला जुना माणूस. डान्स आणि त्याचा जोडीदार कार्टर गंमत म्हणून स्केल्टनचे ग्राहक गायब करतात; ते बुडाले असे वाटून स्केल्टनचे प्राण कंठाशी येतात. खरे कळल्यावर तो डान्सची होडी जाळतो. डान्स सांगतो, तू या पाण्यावर वाटाड्या म्हणून उतरलास तर मी तुला ठार मारीन. स्केल्टन उतरतो. डान्स त्याला गोळी घालतो.

समीक्षकांनी या कादंबरीत अमेरिकन पुरुषार्थाचे विडंबन पाहिले, साठोत्तरी भ्रमनिरास पाहिला. दोन्ही तिच्यात आहे. माझ्या दृष्टीने तिचा गाभा डान्सच्या एका चिंतेत आहे: आपल्या शब्दाला किंमत राहिली आहे का. धमकी देताना त्याला स्केल्टनचा फारसा द्वेष वाटत नाही. पण एकदा बोलून बसल्यावर ते खरे केले नाही, तर तो कोणीच उरणार नाही, एवढे त्याला पक्के कळते. ही चिंता गुंडाची म्हणून वाचली तर कादंबरी एक भडक सूडकथा होते. वाटाड्याची म्हणून वाचली तर वेगळेच दिसू लागते. वाटाड्याचा सगळा धंदा शब्दावर चालतो. "अकरा वाजता, पन्नास फूट" हे न दिसणाऱ्या माणसाला सांगायचे आणि त्याने डोळे झाकून ऐकायचे. शब्दावरचा विश्वास उडाला की मचाणावर उभ्या माणसाजवळ काठीपलीकडे काही राहत नाही. मॅग्वेनने हे सूत्र उचलले आणि ते टोकाला नेऊन मृत्यूपर्यंत ताणले. शेवटचा प्रसंग होडीतच घडतो, ग्राहकाच्या देखत, हे मला योग्य वाटते. एरवी सगळे सांगणारा ग्राहक इथे साक्षीदार आहे.

तरी एक खोट काढायलाच हवी. स्केल्टन गरजेने वाटाड्या झालेला नाही. त्याच्या मागे घर आहे, पैसेवाले आजोबा आहेत. वाटाड्या होणे ही त्याची निवड आहे, जवळजवळ एखाद्या कवीने कवी व्हायचे ठरवावे तशी. ज्याला दुसरा पर्याय नाही तो डान्स, आणि त्याच्या हाती मॅग्वेनने पिस्तूल दिले. पिछाडीवरच्या दोन माणसांपैकी ज्याच्यात लेखक स्वतःला ओळखू शकत होता, तोच त्याने आत राहून रंगवला. दुसऱ्याला बऱ्याच अंतरावरून. १९७५ साली मॅग्वेननेच या कादंबरीवर चित्रपट काढला, त्यात पीटर फोंडा स्केल्टन आणि वॉरन ओट्स डान्स झाला. पडद्यावर ओट्सचा थकलेला चेहरा पाहताना ही विषमता थोडी भरून निघते. हे श्रेय नटाचे.

कादंबरीच्याच वर्षी की वेस्टमध्ये चित्रित झालेला गी द ला व्हाल्डेन आणि क्रिस्तियाँ ओदासो यांचा 'टारपन' हा माहितीपट या दृष्टीने अधिक सरळ आहे. त्यात मॅग्वेन आहे, जिम हॅरिसन आहे, रिचर्ड ब्रॉटिगन आहे, संगीत जिमी बफेचे. लेखकमंडळी बोलतात आणि छान बोलतात. पण कॅमेऱ्याला व्याकरण नसते. तो 'मला दिसले' असे म्हणू शकत नाही. काठी रेटणारा माणूस चौकटीत येतोच. हवेचा घोट घ्यायला टारपन पृष्ठभागावर लोळतो तो क्षण, त्याआधी मागच्या माणसाची वळलेली मान, मग पुढच्याचा हात, हा क्रम पडद्यावर जसाच्या तसा राहतो. मध्येच पर्यटकांनी भरलेली मोठी बोट आणि तिच्यावर मारले जाणारे मासे दाखवले आहेत. तो विरोध जरा ढोबळ आहे. गरीब पर्यटकाच्या हौसेवर श्रीमंत छंदाने नाक मुरडल्यासारखे वाटते. चित्रपट पुढे बरीच वर्षे हरवल्यासारखाच होता. २००८मध्ये डीव्हीडीवर आला, तेव्हा स्टीव्ह हफ, वुडी सेक्स्टन यांचे तरुण चेहरे लोकांना पुन्हा पाहायला मिळाले.

वाटाड्याचे स्वतःचे शब्द हवे असतील तर कीज सोडून पूर्वेला, मायामीपासून सुमारे पन्नास मैलांवर बहामामधल्या बिमिनीला जावे लागते. ॲन्सिल सॉन्डर्स हे तिथले होडी बांधणारे आणि बोनफिशचे वाटाडे. १९७१ साली त्यांच्या होडीतून धरलेला १६ पौंड ३ औंसांचा बोनफिश विक्रमी ठरला. रीतीप्रमाणे तो ग्राहकाच्या नावावर आहे. पण सॉन्डर्स ओळखले जातात ते दुसऱ्या एका ग्राहकामुळे. १९६४ साली मार्टिन ल्यूथर किंग (ज्युनिअर) बिमिनीला आले. नोबेल स्वीकारतानाचे भाषण लिहायला त्यांना शांतता हवी होती. सॉन्डर्स यांनी त्यांना खारफुटीतल्या खाडीत नेले, काठीने होडी आत घातली आणि थांबवली. त्या दिवशी गळ टाकायचा नव्हता. किंग १९६८मध्ये, मृत्यूच्या थोडेच दिवस आधी, पुन्हा आले आणि पुन्हा त्याच होडीत बसले.

त्या खाडीत पाण्याखालचे आणि पाण्यावरचे जीवन पाहून किंग भारावले, तेव्हा सॉन्डर्स यांनी त्यांना एक स्तोत्र म्हणून दाखवले. सृष्टीविषयीचे ते स्तोत्र त्यांनी स्वतः रचलेले होते. खारफुटी, पक्षी, मासे, भरती. जे त्यांना मचाणाशिवायही दिसत आले, ते सारे त्यात आहे. पुढे कितीतरी वर्षे त्यांच्या होडीत बसणाऱ्याला ते ऐकायला मिळत असे. सॉन्डर्स ते पाठ म्हणत, होडी त्याच खाडीत उभी करून, हातातली काठी तळाशी रोवलेली ठेवून.